जितेशची कॅसेट

१

उसनी आणलेली वस्तू ठरल्या दिवशी परत जायला हवी आणि ज्या हाताने आणली त्याच हाताने जायला हवी. रोह्याजवळ वरशाला आमच्या घरात एवढा एकच कायदा होता, आणि तो माझा. मी चौथीपर्यंत शिकलो आहे. पुस्तकातलं मला फार कळत नाही. पण दुसऱ्याची वस्तू आपल्या घरात पडून राहिली की मला जेवण जात नाही.

या कायद्यापायीच पेणला माझं जाणं बंद झालं होतं. माझी मुलगी सरू पेणला दिली आहे. तिचा नवरा गुणाजी गणपतीच्या कारखान्यात रंगारी आहे. त्याने आमचा फवारणीचा पंप नेला, चार महिने ठेवला आणि कुणा टेम्पोवाल्याच्या हाती परत पाठवला. नळी फाटलेली होती. नळीचं मला काही नव्हतं. स्वतः आला नाही, याचा राग आला. तीन वर्षं मी त्याच्या घरचं पाणी प्यायलो नव्हतो.

त्यात ही कॅसेट आली.

शहाण्णव साल होतं. माझा मुलगा गोविंदा कंपनीत शिफ्टला जातो. त्याने बोनस झाल्यावर मुलीसाठी व्हिडिओ गेम आणला. एक खोका, दोन रिमोट आणि टीव्हीच्या मागे वायरींचं जाळं. माझी नात अपेक्षा तेव्हा सहावीत होती. शाळेतून आली की दप्तर एकीकडे, चपला दुसरीकडे आणि ती टीव्हीसमोर. माझ्या बातम्या बंद झाल्या. शेतीचा कार्यक्रम बंद झाला. दिवसभर तेच एक गाणं, टिंगटिंग, टिंगटिंग, आणि मधे मधे तिची किंकाळी. लाईट गेली की घर डोक्यावर घ्यायची. सगळं गेलं, आता पहिल्यापासून खेळायला लागणार, म्हणून रडायची. मी म्हणायचो, बरं झालं.

जानेवारीत रोह्यात भावकीतलं लग्न होतं. सरू आपल्या मुलाला, जितेशला, घेऊन आली होती. जितेशने येताना स्वतःची गेमची कॅसेट आणली. पिवळी, तळहाताएवढी. पाठीवर कर्कटकाने 'जितेश' असं कोरलेलं. ती त्याने अपेक्षाला पंधरा दिवसांच्या बोलीवर दिली.

पंधराचे तीस झाले.

"कॅसेट दिलीस?" मी रोज विचारायचो.

"नाय. रविवारी देते."

"असे रविवार किती झाले?"

"जितेशनं पण माझा कंपास दिला नाय अजून."

"त्याचं तो बघेल. तू तुझं बघ."

"आजोबा, तुम्ही एकदा खेळून बघा ना. मग तुम्हीच म्हणाल, द्यायची नाय."

स्वयंपाकघरातून सून हसायची. शांती तिचं नाव. तिला मुलीचं कौतुकच फार.

एका मंगळवारी संध्याकाळी माझं डोकं फिरलं. मी टीव्ही बंद केला आणि म्हणालो, "उद्या तू स्वतः पेणला जाऊन ती देऊन यायची. तोवर या घरात पाऊल ठेवायचं नाय."

"मामंजी, पोर हाय ती," शांती म्हणाली. "पेण काय दारात हाय?"

"तिच्या वयाचा असताना मी नागोठण्यापर्यंत बैल हाकत गेलोय."

"तुम्ही गेलात हो. तुमच्याबरोबर बैल होते."

अपेक्षाने रिमोट खाली ठेवला. माझ्याकडे बघत राहिली. रागात माणूस बोलतो. घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं. तिलाही ठाऊक असेल असं मी धरून चाललो.

२

बुधवारी दिवसभर मी वालाच्या शेतात होतो. पाचच्या सुमारास घरी आलो. दारात चपला होत्या. शेजारी शेजारी, टाचा एका रेषेत. मला वाटलं कुणी पाहुणं आलं.

लाईट नव्हती. वाटेत पिठाची गिरणीही बंद दिसली होती. घरात शांत होतं. फक्त मधल्या खोलीतून आवाज येत होता. टक, टक टक. टक. सुपारी कातरल्यासारखा.

आत अपेक्षा बसली होती. मांडी घालून, पाठ ताठ. हातात रिमोट. टीव्ही काळा. तिचे अंगठे चालू होते.

"लाईट नाय, मग काय दाबतेस?"

"सराव करते आहे, आजोबा."

"कॅसेट?"

ती खोक्यातच होती. पिवळी. पाठीवर 'जितेश'.

"म्हणजे दिली नाहीस."

"हो, आजोबा. चुकलं माझं. देईन."

आता सांगतो, मला त्या वेळी बरं वाटलं. या मुलीने जन्मात कधी 'चुकलं' म्हटलं नव्हतं. मला वाटलं, कालचं बोलणं लागू पडलं. ती उठली, न सांगता माझ्यासाठी तांब्या भरून आणला, दोन्ही हातांनी दिला. 'व्हय' नाही, 'नाय' नाही. हो, आजोबा. नाही, आजोबा. शाळेत नवीन बाई आल्या असतील. शिस्त लावली असेल. मी शांतीला म्हणालोसुद्धा, बघ, असं वळण लावावं लागतं.

साडेपाचला लाईट आली. टीव्ही आपोआप लागला. आणि खेळ चालू होता. पहिल्यापासून नाही, मधूनच. तो छोटा माणूस कुठल्याशा भिंतीवरून धावत होता आणि वरचा आकडा भराभर वाढत होता.

मला त्यातलं कळत नाही. पण लाईट गेली की सगळं जातं, हे रोजच्या रडण्यामुळे मला पाठ झालं होतं. मी तिथे उभा राहून थोडा विचार केला. मग ठरवलं, आत सेल असतील. रेडिओत असतात तसे. आणि गुरांना पाणी दाखवायला गेलो.

३

आमच्या शेजारी सिपोराबाय राहते, बेने इस्रायल, म्हणजे ज्यू. नवरा कधीच वारला. तिचे दोन्ही मुलगे इस्रायलला गेले, त्यांनीच तिला फोन बसवून दिला. आळीत दुसरा फोन नाही, म्हणून सगळ्यांचे निरोप तिच्याकडे. बाई बोलायला तिखट, पण निरोप पोचवायला कधी चुकली नाही. फक्त शुक्रवारी दिवे लागले की शनिवारी दिवे लागेपर्यंत ती फोनला हात लावत नाही. तो त्यांचा वार. वाजला तर वाजू देते. मुलगेही त्या दिवशी करत नाहीत.

गुरुवारी सकाळी तिने कुंपणावरून हाक मारली. "हैबतराव, पेणचा फोन. तुमची लेक हाय, आणि रागात हाय. जपून बोला."

सरूने नमस्कार चमत्कार काही केला नाही. "दादा, तुम्हाला काय वाटतं का? एवढ्याशा पोरीला एकटीला आगगाडीत बसवून दिलंत?"

"कुणाला?"

"अपेक्षाला. काल दुपारी आली. घामाघूम. कॅसेट जितेशच्या हातात दिली आणि ओट्यावर बसून राहिली. आत यायला तयार नाय. मीच ओढून आणली. आणि आता म्हणते, घरी जाणार नाय. आजोबा स्वतः न्यायला आले तरच."

"सरे, अपेक्षा इथं हाय. आत्ता माझ्यासमोर चहा पिऊन उठली."

"दादा, थट्टा नको."

"मी कधी थट्टा केलीय?"

"नाय केलीत. म्हणून तर म्हणते, आता सुरू नका करू."

मला वाटलं, कळलं. ही सगळी मला पेणला न्यायची युक्ती. तीन वर्षं मी गेलो नाही, म्हणून आता पोरांना पुढे करून नाटक. मी म्हणालो, "तुझ्या नवऱ्याला सांग, मला बोलवायचं तर सरळ येऊन बोलवावं. असले खेळ नकोत."

"त्यांचा काय संबंध? पोर हिते माझ्या पदराला धरून उभी हाय."

"आणि माझी हिते हाय. थांब, तिलाच बोलावतो."

मी खिडकीतून हाक मारली. अपेक्षा आली. सिपोराबायच्या उंबऱ्याशी थांबली.

"ये ना गो आत," सिपोराबाय म्हणाली. "रोज न विचारता येऊन डबे उघडतेस. आज लाज वाटली?"

"मी इथेच उभी राहते," अपेक्षा म्हणाली.

"आत्येशी बोल," मी म्हणालो.

"नको, आजोबा. तुम्हीच सांगा, मी घरी आहे."

तेवढ्यात फोन तुटला. पेणची लाईन, नेहमीचंच. मी वैतागून रिसीव्हर ठेवला. सिपोराबाय मात्र दाराकडे बघत होती. अपेक्षा निघून गेली होती.

"हैबतराव," ती म्हणाली, "तुम्ही पेणला जाऊन या."

"मी नाय जाणार. थट्टेपायी भाडं घालवू?"

"थट्टा तर थट्टा. बघून या. गुडघे दुखत असतील तर तसं सांगा."

"माझे गुडघे ठीक हायत."

"मग डोकं तेवढं जड झालंय," ती म्हणाली आणि मासळी साफ करायला गेली.

४

शुक्रवारी शांती माझ्याकडे आली. मी अंगणात वालाच्या शेंगा पसरत होतो. गोविंदा पहिल्या पाळीला गेला होता. ती शेजारी बसली, शेंगा उलटायला लागली. 

"मामंजी, अपेक्षा जेवण मागत नाय."

"मग चांगलं हाय. आधी सारखी मागायची."

"मी वाढलं तर खाते. नाय वाढलं तर बसून राहते. काल मी मुद्दाम नाय वाढलं. रात्रीपर्यंत तशीच बसली. भूक लागली असं म्हणाली नाय."

"तुझ्यावर रागावली असेल."

"रागावली असती तर ताट आपटलं असतं. माझी पोर हाय, मला ठाऊक." तिने हातातली शेंग खाली ठेवली. "आज तिची वेणी घातली. दोन दिवस विंचरलं नव्हतं. मामंजी, तिच्या केसांत गुंता नाय. फणी वरून सोडली ती खाली आली. एक गाठ नाय."

"म्हणून काय झालं?"

"तिच्या केसांनी माझ्या तीन फण्यांचे दात मोडलेत."

 बायका कशाचंही काही करतात, असं मनात आणायचा प्रयत्न केला. तेवढ्यात आतून टकटक सुरू झाली. रोजचीच. मी शेंगा उलटत राहिलो. मग लक्षात आलं की टकटक दोन आहेत. एक जलद. दुसरी सावकाश, चुकत माकत. शिकाऊ माणसासारखी.

गोविंदा कामावर. शांती माझ्या शेजारी.

मी उठलो. ओटा, पडवी, मग मधली खोली. दुपारचे बारा वाजले होते. कौलातल्या काचेतून उन्हाचा पट्टा जमिनीवर पडला होता. अपेक्षा टीव्हीसमोर बसली होती. तिच्या हातात एक रिमोट. दुसरा तिच्या शेजारी, जमिनीपासून वीतभर वर असावा असं मला दारातून दिसलं. मी पाऊल टाकलं तेव्हा तो जमिनीवर होता. पण त्याची वायर ताणलेली होती, कुणी मांडीवर धरल्यावर ताणलेली असते तशी. ती हळूहळू सैल झाली.

"कोण खेळतंय तुझ्याबरोबर?"

"कोणी नाही, आजोबा. आईंना शिकवते आहे."

"तुझी आई अंगणात हाय."

"हो," ती म्हणाली. मान वळवली नाही. "अजून नीट येत नाही त्यांना."

मी बाहेर आलो. शांती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणालो, "उद्या सकाळच्या गाडीने पेणला जातो."

तिने का म्हणून विचारलं नाही. तिने शेंगांचं सूप उचललं आणि म्हणाली, "मी तोवर ओट्यावरच बसते."

५

शनिवारी निघताना मी खोक्यातून कॅसेट उपसून काढली. म्हटलं, ही नेऊन गुणाजीच्या अंगावर टाकतो आणि हा विषय संपवतो. अपेक्षाने हट्ट केला नाही. दारापर्यंत आली. "सावकाश जा, आजोबा," म्हणाली.

शांतीलाही बरोबर न्यावं असं मनात आलं होतं. पण काय सांगून नेणार? पोरीला घरी ठेवून तिच्या आईला बरोबर घेतलं, तर आळी हसली असती. मी हसू करून घ्यायच्या भीतीने तिला ठेवून गेलो. हे लिहिताना काही लपवत नाही.

पेणला उतरून चालत गेलो. सरूच्या आळीत दोन्ही बाजूंना कारखाने. पांढरे गणपती रांगेत वाळत घातलेले, अजून डोळे न आखलेले. त्यांच्यामधून जाताना मी चक्क घाई केली. मग स्वतःवरच चिडलो.

सरू ओट्यावर तांदूळ निवडत होती. "आलात? मला वाटलं गुढीपाडव्याला याल."

"पोर कुठाय?"

"आधी पाणी तर घ्या."

तिने तांब्या दिला. मी प्यालो. तीन वर्षांनी. तिच्या लक्षात आलं.

आतून तेच टिंगटिंग गाणं येत होतं आणि दोन पोरांचं भांडण.

"ए, माझा चान्स हाय."

"नाय. तू मेलास. मेलास की चान्स गेला."

"मी मेलो नाय, तू ढकललंस."

मी दारात थांबलो. टीव्हीसमोर दोघं पाठमोरी बसली होती. जितेश आणि एक मुलगी. तिने जितेशचा शर्ट घातला होता. एक रिबीन सुटलेली. डाव्या टाचेला भेग. पाठीला पोक काढून बसली होती, मी रोज ज्यावरून ओरडतो तसंच.

मी आलोय हे तिला कळलं होतं. तिचे कान लाल झाले. पण तिने मान वळवली नाही.

"दिली कॅसेट," ती टीव्हीकडे बघत म्हणाली. "बुधवारीच दिली. माझ्या हातानं दिली. आत्येला विचारा."

मी चपला काढून आत आलो.

"शाळेचं सांगून निघाले आणि स्टेशनात गेले. तिकीट काढलं नाय, ते पण सांगते." मग म्हणाली, "आता घरी येऊ का?"

मी जाऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला. बोटं केसांत शिरली आणि अडकली. गुंत्यात.

"ओढू नका ना," अपेक्षा म्हणाली आणि रडायला लागली.

जितेशला रडण्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्याचं लक्ष माझ्या पिशवीतल्या कॅसेटकडे गेलं होतं. त्याने ती घेतली, आपल्या खोक्यातली काढली, दोन्ही शेजारी धरल्या. दोन्ही पिवळ्या. दोन्हींवर 'जितेश'. 'श'चा काना दोन्हींवर एकाच जागी घसरलेला.

"ही कुणी केली?" तो म्हणाला. मग त्याने माझी कॅसेट हातावर तोलली. कानाशी नेऊन हलवली. "आजोबा, ही पोकळ हाय."

"असं कसं? चार दिवस तीच चालतेय घरी."

त्याने बापाच्या पेटीतला स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि कॅसेट उघडली. आत काही नव्हतं. पट्टी नाही, तार नाही, धूळसुद्धा नाही. नुसती दोन पिवळी टरफलं.

"मग तुमच्याकडं चालायची कशी?" जितेशने विचारलं.

सरू तांदळाचं ताट घेऊन दारात उभी होती. तिने ती टरफलं बघितली. मग माझ्याकडे बघितलं. "दादा," ती हळू म्हणाली, "तुमच्यासमोर चहा कोण प्यालं?"

६

कोपऱ्यावर फोनचं बूथ होतं. अपेक्षा माझा हात सोडायला तयार नव्हती, म्हणून तिलाही घेऊन गेलो. आत एकाचीच जागा होती. ती बाहेर काचेला नाक लावून उभी राहिली.

सिपोराबायचा नंबर फिरवला. घंटा वाजायला लागली.

मग आठवलं. शनिवार. सकाळपासून मला वार ठाऊक होता, पण ही गोष्ट डोक्यातून साफ गेली होती. ती उचलणार नाही. आठवड्यातला हा एकच दिवस असा की वरशातली माझी माणसं कशी आहेत हे मला कुणी सांगू शकत नाही, आणि मी नेमका तोच दिवस निवडला होता. मी स्वतःला शिवी दिली. घंटा वाजत राहिली. ती फोनची बैठक, तिच्यावरचं विणलेलं फडकं, बंद खिडकी, सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. बाई आतल्या खोलीत बसून ऐकत असेल आणि हात लावत नसेल.

मी ठेवणार तेवढ्यात फोन उचलला गेला.

"आजोबा," आवाज म्हणाला. "पोहोचलात?"

मी काचेबाहेर बघितलं. अपेक्षा काचेवर तोंडाची वाफ सोडून बोटाने रेघा काढत होती. तिचं तोंड मिटलेलं होतं.

"सिपोराबाय कुठाय?" मी विचारलं.

"आत आहेत."

"शांती?"

"त्याही आतच आहेत."

"शांतीला फोन दे."

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. माणूस चालत येतो तेव्हा पावलं वाजतात, पदर कुठेतरी घासतो, कुणी काही विचारतं. तसलं काही नाही. मग शांतीचा आवाज आला. शांतीचाच. चौदा वर्षं मी तो ऐकतो आहे. त्यात काही खोट नव्हती.

"शांते, बरी हायस ना?"

"हो, आजोबा," शांती म्हणाली.

७

अपेक्षाला मी सरूच्या हवाली केलं. सांगितलं, हिचं नाव इथल्या शाळेत घाल. वरशाला पाठवायची नाही. तूही यायचं नाही. फोन करायचा नाही.

"काय झालं ते तरी सांगा," सरू म्हणाली. "वहिनी बऱ्या हायत ना?"

"हायत," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार होतो? "आणि गुणाजीला सांग, पंपाचं मी विसरलो."

गोविंदाची पहिली पाळी तीनला सुटते. त्याच्या आधी मला घरी पोहोचायचं होतं. मी स्टेशनाकडे निघालो. अपेक्षा आळीच्या तोंडापर्यंत मागे आली. "आजोबा, मी पण येते. आजोबा, कॅसेट दिली ना मी." मी वळून बघितलं नाही. वळलो असतो तर तिला बरोबर घेतलं असतं.

त्या दुपारी घरी काही झालं नाही. दार उघडं होतं. ओटा सारवलेला होता. चहा तयार होता. आतून दोघी बाहेर आल्या, आणि मी पिशवी खाली ठेवली आणि चहा घेतला, कारण दहा मिनिटांत माझा मुलगा सायकल लावून आत येणार होता आणि मला त्याच्या आणि त्यांच्या मध्ये बसायचं होतं.

याला आता दोन वर्षं होतील. आमच्या घरात माणसं पूर्वी होती तेवढीच आहेत. चार. गोविंदा म्हणतो, हल्ली घरात किती शांत वाटतं, कुणी भांडत नाही. सिपोराबाय आता शनिवारीही फोन उचलते. गोविंदाला एकदा सांगायचा प्रयत्न केला. तो हसला आणि म्हणाला, दादा, तुमचं वय झालं. त्याला ओढून नेता येत नाही आणि सोडून जाता येत नाही. रोज संध्याकाळी तो कामावरून आला की मी त्याला काहीतरी विचारतो. पगार झाला का, पाऊस होता का, काहीही. मला उत्तर नको असतं. तो अजून 'व्हय' म्हणतो. ते ऐकलं की मी ओट्यावर जाऊन बसतो.

पेणला मी परत गेलो नाही. माझ्यामागून कोण चालत येईल, याची खात्री मला देता येत नाही.

अपेक्षाची पत्रं येतात. आठवीत गेली. अक्षर अजून वाईट आहे. पोस्टमनला मी वाटेतच गाठतो आणि शेतात बसून वाचतो, मग बांधावर जाळतो. दर पत्रात तेच. आजोबा, चुकी झाली. आजोबा, मी आता गेम खेळत नाय. आजोबा, आता तरी घरी येऊ का?

मी उत्तर लिहीत नाही. तिला वाटतं, म्हाताऱ्याचा राग अजून गेला नाही.

वाटू दे.